पाऊल का चुकते?

आमच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ दिल्लीत राहतात. केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त ते तरुणपणी पुण्याहून येथे आले आणि निवृत्तीनंतर येथेच स्थायिक झाले. वय ७३ वर्षांचे. मधुमेह २० वर्षांचा. माणूस मोठा काटेकोर. रक्तातील साखरेचे आकडे ते एका जाड वहीत तारीखवार उतरून ठेवतात. उपाशीपोटीचा आकडा निळ्या शाईने आणि जेवणानंतरचा तांबड्या शाईने. जानेवारीतील एका पहाटे दूध आणण्याकरिता ते घराचा जिना उतरत होते. बाहेर दाट धुके होते आणि जिन्यातील दिवा आदल्या रात्रीच गेला होता. पायऱ्या संपल्या अशा समजुतीने त्यांनी पाऊल टाकले. पण एक पायरी शिल्लक होती. ते पडले आणि त्यांचे मनगट मोडले.

आम्ही भेटीस गेलो तेव्हा घरातील मंडळी काळजीने, पण थोड्या त्राग्यानेच बोलत होती. ‘बाबा, किती वेळा सांगितलं, पाहून चालत जा म्हणून,’ असे सूनबाई म्हणाल्या. बाबांनीही ते मुकाट्याने मान्य केले. ‘माझंच लक्ष नव्हतं,’ ते म्हणाले.

त्या सुमारास आम्ही मज्जासंस्थेवरील एका पुस्तिकेचे भाषांतर करीत होतो. म्हणून कुतूहलाने त्यांची वही मागून घेतली व चाळली. आकडे शेकड्यांनी होते. परंतु पावलांसंबंधी एकही नोंद नव्हती. विचारता असे कळले की, २० वर्षांत त्यांना पायातील मोजे काढावयास कोणीही सांगितले नव्हते. ‘साखर मोजतात, दाब मोजतात. पायांचं काय मोजायचं?’ असा त्यांचा सरळ प्रश्न होता. या लेखाचे प्रयोजन त्या प्रश्नाचे उत्तर देणे, एवढेच आहे.

एका विलंबाची गोष्ट

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल. इंग्लंडमधील ग्रिनिच येथील वेधशाळेत अठराव्या शतकाच्या अखेरीस नेव्हिल मॅस्केलिन हे राजज्योतिषी होते. डेव्हिड किनेब्रुक नावाचा तरुण त्यांचा साहाय्यक होता. दुर्बिणीतील तारेवरून तारा सरकताना पाहावयाचा आणि घड्याळाच्या ठोक्यांवरून त्याची वेळ टिपावयाची, हे त्याचे काम. त्याने टिपलेली वेळ मॅस्केलिन यांच्या वेळेहून मागे पडू लागली, आणि हे अंतर वाढत वाढत सेकंदाच्या आठ-दशांशांपर्यंत गेले. निष्काळजी ठरवून १७९६ मध्ये त्याला कामावरून दूर करण्यात आले.

पुढे कोनिग्सबर्गच्या बेसेल या ज्योतिर्विदाच्या वाचनात ही हकिकत आली. त्याने स्वतःची व इतर निष्णात निरीक्षकांची तुलना करून पाहिली. दोन काळजीपूर्वक काम करणाऱ्या माणसांतही असा फरक पडतो, हे त्याला आढळून आले. पाहणे आणि त्यावर कृती करणे यांच्यामध्ये काळाचा एक तुकडा असतो व तो व्यक्तीगणिक निराळा असतो. किनेब्रुकचा दोष लक्षाचा नव्हता. ज्याचे माप तोवर कोणी घेतले नव्हते, अशा गोष्टीची ती शिक्षा होती.

हा काळाचा तुकडा म्हणजेच प्रतिक्रियाकाल होय. मज्जातंतूंतून संदेश इतक्या वेगाने जातो की त्याचे मापन कधीच शक्य होणार नाही, असे योहान्नेस म्यूलर यांच्यासारख्या थोर शरीरशास्त्रज्ञाचे मत होते. त्यांचेच शिष्य हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून तो वेग सेकंदाला सुमारे २७ मीटर असल्याचे दाखविले. आगगाडीच्या वेगाशी तुलना करता येईल इतकीच ही गती! माणसाच्या पायांतील जलद तंतूंमध्ये ती साधारणतः ४० ते ६० मीटर असते. म्हणजे पाऊल जमिनीला टेकल्याची वर्दी मेंदूला तत्क्षणी मिळते असे आपणास वाटते खरे. वस्तुतः ती वाटेत असताना थोडा काळ लोटलेलाच असतो.

तोल कोण सांभाळतो?

आपण स्थिर उभे आहोत असे वाटते तेव्हाही शरीर किंचित पुढेमागे हेलकावत असते. उभे राहणे ही सतत पडण्याची आणि सतत सावरण्याची क्रिया आहे. सावरण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून बातमी मिळते. डोळे आजूबाजूच्या वस्तूंच्या आधारे शरीराची स्थिती कळवितात. कानाच्या आतील भागात द्रवाने भरलेल्या सूक्ष्म नलिका असतात. त्या डोक्याची हालचाल सांगतात. तिसरी बातमी तळपायाची त्वचा, घोटे आणि स्नायू देतात: जमीन कठीण आहे की मऊ, उतार आहे की चढ, भार टाचेवर आहे की चवड्यावर.

तिघांपैकी एक साक्षीदार गप्प झाला तरी उरलेले दोघे काम निभावून नेतात. दोन गप्प झाले की कठीण पडते. बर्लिनचे वैद्य मोरिट्स रोमबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकात हे फार सोप्या रीतीने दाखविले. पायांकडून येणारी बातमी ज्यांची बंद झाली आहे असे रोगी डोळे उघडे असताना उभे राहू शकत. डोळे मिटताच ते डोलू लागत. आजही वैद्यकात ही परीक्षा त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आता आमच्या परिचितांचा जिना आठवावा. त्या पहाटे दिवा नव्हता, म्हणजे डोळ्यांची साक्ष नव्हती. पायांची साक्ष मधुमेहाने २० वर्षांत हळूहळू पुसून टाकली असावी. मग उरले काय? गेलेला दिवा हे त्यांच्या पडण्याचे निमित्त. त्या निमित्ताचा अपघात होण्याइतकी पूर्वतयारी त्यांच्या पावलांत आधीच झालेली होती.

वय आणि साखर

वाढत्या वयाने प्रतिक्रिया मंदावते, ही गोष्ट निर्विवाद आहे. दिवा लागताच कळ दाबावयाची, अशा साध्या परीक्षेत तरुण माणसाला सेकंदाचा पाचवा भाग किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. वृद्धाला याहून अधिक लागतो, आणि दोन-तीन पर्यायांतून एक निवडावयाचा असेल तर हे अंतर आणखी वाढते. याचे कारण तंतूंचा मंदावलेला वेग हे अंशतःच आहे. पावलापासून कण्यापर्यंतचे अंतर सुमारे १ मीटर धरले, आणि वेग सेकंदाला ५० मीटरवरून ४० वर आला, तरी फरक पडतो तो सेकंदाच्या दोनशेव्या भागाइतका. अधिक वेळ जातो तो मेंदूत, बातमीचा अर्थ लावून निर्णय घेण्यात. आणि त्यानंतर दुबळ्या झालेल्या स्नायूंना त्या निर्णयाप्रमाणे हलविण्यात.

मधुमेहाचे काम याहून निराळे आहे. दीर्घकाळ वाढलेली साखर मज्जातंतूंना आणि त्यांचे पोषण करणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करते. जे तंतू सर्वांत लांब त्यांना ही इजा प्रथम होते. म्हणून प्रारंभ पायाच्या बोटांपासून होतो व बधिरपणा मोजा चढवावा तसा वर सरकतो. मज्जाविकार हा मधुमेहाचा परिणाम आहे, हे फ्रेंच वैद्य मार्शाल द काल्वी यांनी १८६४ मध्येच मांडले होते. मधुमेह झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विकार होतो. कोणाला मुंग्या येतात, कोणाच्या तळपायांची रात्री आग होते. पुष्कळांना मात्र काहीच जाणवत नाही, आणि हीच यातील खरी कपटी गोष्ट आहे. संवेदना गेली ही बातमीही संवेदनेनेच कळावयाची असते!

शिवाय मधुमेह एकाच साक्षीदारावर थांबत नाही. डोळ्यांच्या पडद्याला तो इजा करतो. कानातील तोलाचे इंद्रियही मधुमेहींमध्ये अधिक प्रमाणात बिघडलेले आढळते, असे अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीतून २००९ मध्ये दिसून आले. रक्तदाब सावरणाऱ्या तंतूंना इजा झाली असेल तर अंथरुणातून झटकन उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि उपचारांतही एक जोखीम असते. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेऊन वेळेवर जेवण झाले नाही, तर रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरते. त्या अवस्थेत माणूस गोंधळतो व त्याची प्रतिक्रिया मंदावते. आपल्याकडे संकष्टी-एकादशीचा उपवास करून नेहमीची गोळी मात्र नेमाने घेणारी वडीलधारी माणसे घरोघर आहेत. उपवास धरावयाचा असेल तर औषधाचे काय करावे हे डॉक्टरांना अगोदर विचारावे, आणि अशा स्थितीत वाहन तर मुळीच चालवू नये. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाच्या दहाव्या भागात जवळजवळ दीड मीटर पुढे जाते, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

हा प्रश्न किती जणांचा आहे, हेही पाहावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७२ ते १९७५ या काळात सहा केंद्रांत मधुमेहाची पाहणी केली. दिल्ली आणि पुणे ही त्यांपैकी दोन होती. शहरी भागात प्रमाण आढळले २.१ टक्के. याच परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. दिल्लीतील प्रौढांत प्रमाण १७.८ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती सारख्या नव्हत्या, म्हणून त्या आकड्यांचा थेट भागाकार करणे उचित होणार नाही. तरीही वाढ प्रचंड आहे, याविषयी शंका घेण्यास जागा नाही. ही माणसे आता वयानेही वाढत आहेत. वय आणि साखर या दोन ओझ्यांची भेट आपल्या घराघरांत होत आहे.

मोजण्यास काय लागते?

येथे आमचे म्हणणे स्पष्टपणे मांडतो. आपण रक्त मोजतो, पाऊल मोजत नाही. आणि ही मोठी चूक आहे. पाऊल मोजण्याची साधने रक्त मोजण्याच्या साधनांहून स्वस्त आहेत. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळपायास टेकवून ‘कळले का?’ असे विचारावयाचे. सेकंदाला १२८ कंपने करणारा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप जाणवतो का ते पाहावयाचे. माणसाने खुर्चीवरून उठावे, ३ मीटर चालावे, वळून परत यावे व बसावे. यास १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजून पुढील तपासणी करावी. या सगळ्यास पाच-सात मिनिटांहून अधिक वेळ लागू नये.

ब्राझीलमधील एका अभ्यासात ५१ ते ७५ वयाच्या १,७०० स्त्रीपुरुषांना १० सेकंद एका पायावर उभे राहण्यास सांगितले होते. ज्यांना हे साधले नाही त्यांच्यात मधुमेहींचे प्रमाण, ज्यांना साधले त्यांच्या मानाने जवळजवळ तिप्पट होते, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नमूद आहे. दहा सेकंदांची ही परीक्षा. तिला साधन म्हणून केवळ एक घड्याळ लागले.

यावर एक आक्षेप येईल, व तो अवाजवी नाही. आपल्या सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत डॉक्टरांना एका रोग्यासाठी दोन मिनिटेही मिळत नाहीत. तेथे मोजे कोणी काढावयाचे? उत्तर असे की, या कामाला डॉक्टरच हवा असे नाही. परिचारिका किंवा गावातील आरोग्यसेविका थोड्या शिक्षणाने ते उत्तम करू शकेल. वर्षातून एकदा प्रत्येक मधुमेहीचे पाऊल तपासावे, अशी वैद्यकशास्त्राची शिफारस आहेच. उणीव ज्ञानाची नाही, सवयीची आहे.

दुसरा आक्षेप घरातून येतो. ‘तोल जातो असे एकदा कळले की म्हातारा माणूस भीतीने घरीच बसेल.’ भीती खरी आहे. परंतु बसून राहिल्याने स्नायू अधिकच दुबळे होतात आणि पडण्याचा संभव वाढतो. याउलट तोलाचे व पायांच्या बळाचे व्यायाम नियमाने केल्यास वृद्धांचे पडणे सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते, असे अनेक प्रयोगांच्या एकत्रित परीक्षणातून २०१९ मध्ये दाखविण्यात आले. साखर काबूत ठेवण्याचा लाभही सिद्ध आहे. इन्सुलिनावर अवलंबून असणाऱ्या रोग्यांत काटेकोर नियंत्रणाने मज्जाविकाराचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे १९९३ मध्ये दिसून आले. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात हा लाभ एवढा मोठा नसतो, आणि गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. म्हणूनच ती जाण्यापूर्वी मोजमाप व्हावयास हवे.

शहराचे पाऊल

काही जबाबदारी रोग्याच्या आणि डॉक्टरांच्या पलीकडची आहे. दिल्लीच्या रस्त्यांवर अपघातात मरणाऱ्यांमध्ये पादचाऱ्यांचा वाटा फार मोठा आहे. रस्ता ओलांडण्याचा हिरवा दिवा किती वेळ ठेवावा, हे ठरविताना वाहतूक-अभियंते सामान्यतः चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. परंतु इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरील माणसांची मोजणी केली तेव्हा पुरुषांचा सरासरी वेग ०.९ आणि स्त्रियांचा ०.८ मीटर भरला. २४ मीटर रुंदीचा रस्ता घेऊ. नियमातील माणूस तो २० सेकंदांत ओलांडतो. ती वृद्ध स्त्री ३० सेकंद घेते. दिवा तांबडा होतो तेव्हा ती अजून ८ मीटर अलीकडे, मोटारींच्या रांगेसमोर उभी असते. मग पाठीमागून भोंगा वाजतो आणि कोणीतरी ओरडते, ‘दिसत नाही का?’

ग्रिनिचच्या किनेब्रुकवर झालेला अन्याय येथे रोज नव्याने होतो. आपल्या भाषेत अशा माणसासाठी शब्दांची कमतरता नाही: वेंधळा, धांदरट, अजागळ. पडणाऱ्यालाच दोष देणारे हे शब्द आपण सहज उच्चारतो, आणि पडणाराही ते आपल्या पदरी घेतो. जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मृत्यू पावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. एवढी सगळी माणसे केवळ बेसावध होती, असे कोणता विचारी मनुष्य म्हणेल?

उलट टोकाला जाऊन, वय झाले की परवाना काढून घ्यावा, असेही आम्ही सुचवीत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे वयाच्या ५५ वर्षांनंतर वाहन चालविण्याच्या परवान्याचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावे लागते. त्या प्रसंगी प्रतिक्रियाकाल आणि पावलांची संवेदना यांचे माप घेतले, तर निर्णय वयाच्या आकड्यावर न सोडता त्या माणसाच्या प्रत्यक्ष क्षमतेवर करता येईल. ७० वर्षांचा एखादा मनुष्य ५० वर्षांच्या मधुमेहीपेक्षा चपळ असू शकतो. मापन त्याला न्याय देईल.

एक घरगुती प्रयोग

शाळेतील वाचकांसाठी शेवटी एक काम सांगतो. ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरा. खालच्या टोकाशी दुसऱ्याने बोटांची चिमूट उघडी ठेवावी. न सांगता पट्टी सोडा आणि त्याने ती पकडावी. २० सेंटिमीटरवर पकडली तर सेकंदाचा पाचवा भाग लागला. ३० वर पकडली तर चौथा. दहा वेळा करून सरासरी काढा. स्वतःचे, आईवडिलांचे आणि आजीआजोबांचे आकडे एका कागदावर लिहा. यावरून कोणालाही रोग आहे वा नाही हे ठरवू नका. पट्टी ते सांगू शकत नाही. परंतु आजोबांना उशीर का होतो, हे मात्र तुम्हांला त्या कागदावर दिसेल. तसे झाल्यास संध्याकाळी जिन्यातील दिवा लागला आहे की नाही, हे तुम्हीच पाहाल आणि रस्ता ओलांडताना त्यांचा हात न ओढता त्यांच्या गतीने चालाल.

आमच्या त्या परिचितांनी मनगट बरे झाल्यावर पावले तपासून घेतली. दोन्ही अंगठ्यांना नादकाट्याचा कंप जाणवला नाही. वहीत त्यांनी एक नवा रकाना आखला असून त्याला ‘पाऊल’ असे नाव दिले आहे. त्यांच्या जिन्यास आता दोन दिवे आहेत, एक गेला तर दुसरा असावा म्हणून. आणि घरात ‘पाहून चालत जा’ हे वाक्य पूर्वीइतके ऐकू येत नाही. पुढच्यास ठेच लागली म्हणजे मागचा शहाणा होतो, अशी म्हण आहे. मात्र तसे होण्यासाठी ठेच का लागली, हे कोणीतरी मोजून पाहावे लागते.